बाळाला भूल द्यायची, तर मेंदूचं काय?

फेब्रुवारीतली गोष्ट. आमच्या वाडीतल्या एका घरात साडेतीन महिन्यांच्या मुलाच्या ऑपरेशनवरून तीन दिवस वाद चालला होता. पोर रडलं की जांघेत गाठ येई, झोपलं की आत जाई. डॉक्टरांनी हर्निया सांगितला आणि कोल्हापूरला नेऊन लवकर ऑपरेशन करून घ्या म्हणाले. फोंडा घाटातून जायचं म्हणून गाडीही सांगून झाली होती. एवढ्यात मुंबईच्या काकांनी व्हॉट्सॲपवर एक मजकूर धाडला. भूल दिल्यावर उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूतल्या पेशी मेल्या, लहान मुलांना भूल देऊ नका, सगळ्यांना पाठवा.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो, म्हणून संध्याकाळी मला बोलावणं आलं. पडवीत पोराची आजी त्याला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "मास्तरानू, ह्या खोटा असा मा?"

माझी पंचाईत झाली, कारण ते खोटं नव्हतं. प्रयोग खरे होते, पेशीही खरंच मेल्या होत्या. फक्त गोष्ट जिथे सुरू होते तिथेच काकांचा मजकूर संपला होता. त्या संध्याकाळी जे सांगितलं तेच इथे जरा नीट लावून लिहितो. मी डॉक्टर नाही. ऑपरेशनचा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा, हे गृहीत धरून वाचा.

भूल म्हणजे झोप नव्हे

गाढ झोपलेल्या माणसाला चिमटा काढला तर तो उठतो. भूल दिलेल्याचं पोट कापलं तरी तो उठत नाही. मेंदूतल्या पेशी एकमेकींना सतत निरोप पाठवत असतात आणि भुलीची औषधं ही निरोपांची ये-जा जवळपास थांबवतात. हे काम दोन दारांवर होतं. एक दार 'गाबा' नावाच्या रसायनाचं. तो मेंदूचा ब्रेक, आणि बहुतेक भुलीची औषधं हा ब्रेक दाबून धरतात. दुसरं दार 'एनएमडीए' या नावानं ओळखलं जातं. तो ॲक्सिलरेटर. केटामीन आणि नायट्रस ऑक्साइड यांसारखी औषधं त्यावरचा पाय उचलतात. घाट उतरताना ड्रायव्हर एकाच वेळी दोन्ही करतो, तसं भूलतज्ज्ञही बऱ्याचदा दोन्ही मिसळून वापरतात.

मोठ्या माणसाच्या मेंदूत हे काही तास चाललं आणि मग सुटलं, की गाडी पुन्हा चालू लागते. प्रश्न आहे तो जिथे अजून रस्तेच बांधून व्हायचेत अशा मेंदूचा.

उंदरांत काय दिसलं

1999 साली क्रिसांथी इकोनोमिडू, जॉन ओल्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या सात दिवसांच्या पिल्लांमध्ये एनएमडीएचं दार काही तास बंद ठेवलं. मेंदूच्या अनेक भागांत पेशी मोठ्या संख्येनं मेल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी दारू देऊन हाच प्रकार दाखवला, कारण दारू ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्हींवर काम करते. गरोदरपणात दारू प्यायलेल्या आयांच्या मुलांचे मेंदू लहान का राहतात, याचं एक उत्तर त्यातून मिळालं.

भूलतज्ज्ञांची झोप उडवली ती 2003 च्या प्रयोगानं. वेस्ना येव्तोविच-टोडोरोविच यांच्या गटानं सात दिवसांच्या पिल्लांना मिडाझोलाम, नायट्रस ऑक्साइड आणि आयसोफ्लुरेन असं मिश्रण सहा तास दिलं. म्हणजे ऑपरेशन थिएटरात मुलांना रोज दिली जाणारीच औषधं. पेशी मेल्याच, शिवाय ती पिल्लं मोठी झाल्यावर शिकायलाही कच्ची निघाली. ही परीक्षा कशी घेतात? पाण्याच्या गोल हौदात एक पाट पृष्ठभागाच्या जरा खाली लपवलेला असतो. उंदीर पोहत पोहत तो शोधतो आणि दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी आठवणीनं सरळ तिकडे जातो. भूल मिळालेल्यांना ती जागा लक्षात ठेवायला जड गेलं.

मोहोर, गळ आणि मेंदू

इथे आजीनं मला अडवलं. पेशी 'मरतात' म्हणजे काय, औषध विष आहे का?

विष म्हणता येणार नाही. पडवीसमोरच त्यांचं कलम होतं, तेच दाखवलं. मोहोर येतो तेव्हा फांदी दिसत नाही. त्यातून वाटाण्याएवढी फळं शेकड्यानं धरतात, आणि त्यांतली बहुतेक गळतात. सुपारीएवढी होईतो थोडी उरतात, अंड्याएवढी होईतो आणखी कमी. ही गळ झाडाचा रोग नव्हे, त्याचा हिशेबच तसा असतो. मेंदूही असाच वाढतो. लागतात त्याहून कितीतरी जास्त पेशी आधी तयार होतात आणि अनेक भागांत जवळजवळ निम्म्या पुढे स्वतःहून संपतात. पेशी फुटत नाही, सडत नाही, आतल्या आत आवरून घेते. शास्त्रात याला 'नियोजित पेशीमृत्यू' म्हणतात. मी पुढे 'गळ'च म्हणणार आहे.

कोणती पेशी राहणार आणि कोणती गळणार, हे कशावर ठरतं? इथे आंबा उपयोगी पडत नाही, आमच्या वाडीतली बंद घरं पडतात. जे घर गणपतीला तरी उघडतं, जिथे कुणी चूल पेटवतं, केर काढतं, ते टिकतं. ज्याची कडी वर्षानुवर्षं निघत नाही त्याचं आढं वाळवी धरते. कोवळ्या पेशीला शेजारणीचे निरोप येत राहिले तर ती स्वतःला कामाची समजते. निरोपच आले नाहीत, तर आपली इथे गरज नाही असं धरून ती आवरायला लागते. भुलीनं नेमक्या त्या काळात तासन्‌तास शांतता झाली, तर ज्यांचं जायचं ठरलेलं नव्हतं अशा पेशीही जातात.

तीच भूल मोठ्या उंदराला दिली तर अशी गळ होत नाही म्हटलं तरी चालेल. फळ धरताना पडलेला अवकाळी पाऊस आणि जूनमधला पाऊस, पाणी एकच असलं तरी बागायतदाराला दोन्हीतला फरक सांगावा लागत नाही.

एक विचित्र गोष्ट इथेच सांगून टाकतो. अगदी कोवळ्या मेंदूत गाबा ब्रेकसारखा वागतच नाही, उलट पेशीला चेतवतो. त्यामुळे 'नुसत्या शांततेनं पेशी गेल्या' ही वरची गोष्ट पूर्ण नाही. पेशींमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा बिघडणं, सूज, जोडण्या चुकीच्या होणं, अशाही वाटा प्राण्यांमध्ये दिसल्या आहेत. पडवीत मी हे सांगितलं नाही.

उंदराचे सहा तास म्हणजे बाळाचे किती?

आता काकांच्या मजकुरात नसलेल्या भागाकडे येऊ.

उंदराच्या मेंदूत जोडण्यांचा हंगाम जन्मानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत उरकतो. माणसात तोच हंगाम गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांपासून मूल दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत चालतो. त्यामुळे पिल्लाचे सहा तास हा त्याच्या हंगामाचा बराच मोठा तुकडा होतो. बाळाच्या तासाभराच्या ऑपरेशनला हंगामाचा तेवढाच हिस्सा म्हणता येत नाही. शिवाय सात दिवसांचं पिल्लू म्हणजे माणसाचं केवढं मूल यावरही एकमत नाही. काहींच्या हिशेबानं ते मुदतीआधी जन्मलेलं, काहींच्या मते अजून पोटातलंच.

दुसरी गोष्ट वजनाची. त्या वयाचं पिल्लू पंधरा-वीस ग्रॅमचं असतं, हापूसच्या एका फळाच्या दहाव्या हिश्श्याएवढं. त्याच्या घशात श्वासाची नळी घालणं, मिनिटामिनिटाला रक्तदाब पाहणं, साखर तपासत राहणं जवळजवळ अशक्य. सहा तास आईच्या दुधावाचून, श्वास मंदावलेल्या पिल्लाच्या पेशी गेल्या, त्या औषधानं की साखर आणि प्राणवायू कमी पडल्यानं? चांगल्या प्रयोगांत रक्ताचे नमुने घेऊन हे पडताळलं गेलं, तरी शंका पुरती फिटली नाही. शिवाय उंदराला बेशुद्ध करायला काही औषधं, विशेषतः केटामीन, वजनाच्या मानानं माणसापेक्षा कितीतरी जास्त लागतात.

म्हणून संशोधक माकडांकडे वळले.

माकडाच्या पिल्लाला बाळासारखीच नळी घालता येते, सलाइन लावता येतं, सगळे आकडे पडद्यावर पाहता येतात. अमेरिकेच्या औषध नियामकाच्या, म्हणजे एफडीएच्या प्रयोगशाळेत विल्यम स्लिकर यांच्या गटानं ऱ्हीसस माकडांवर केटामीनचा प्रयोग केला, तो 2007 साली प्रसिद्ध झाला. पाच दिवसांच्या पिल्लांना सलग 24 तास केटामीन दिल्यावर पेशींची गळ वाढली. तीन तास दिल्यावर वाढली नाही. पस्तीस दिवसांच्या पिल्लांना तर 24 तास देऊनही वाढली नाही. मला विचाराल तर सबंध विषयातला सर्वांत बोलका प्रयोग हाच. भीती खरी असल्याचं तो सांगतो, आणि ती वयावर आणि वेळेवर टांगलेली आहे हेही सांगतो. पुढे 2011 मध्ये त्याच प्रयोगशाळेनं दाखवलं की एकदा 24 तास केटामीन मिळालेली माकडं पुढची काही वर्षं शिकण्याच्या चाचण्यांत मागे राहिली. इतरांच्या एका प्रयोगात पाच तासांच्या आयसोफ्लुरेननंही सहा दिवसांच्या पिल्लांत गळ वाढलेली दिसली. सेव्होफ्लुरेन, म्हणजे आजकाल मुलांना मास्कमधून देतात तो वायू, माकडांच्या पिल्लांना तीन वेळा, दर वेळी चार तास दिला, तेव्हा सहा महिन्यांची झाल्यावर ती अनोळखी माणसासमोर जास्त बावरू लागली. हे 2015 मधलं.

म्हणजे काकांचं सगळंच चुकलं नव्हतं. पण यातल्या एकाही पिल्लाला पाऊण तासाचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं नव्हतं.

मग माणसाच्या मुलांत पाहिलं का?

पाहिलं. आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांमुळेच पाहिलं गेलं, नाहीतर हा प्रश्न कुणाला पडलाच नसता.

सर्वांत भक्कम अभ्यास नेमका हर्नियाचाच आहे. तान्ह्या बाळाचं हर्नियाचं ऑपरेशन दोन प्रकारे करता येतं. एक पूर्ण भुलीखाली, दुसरं पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करून, बाळ जागं ठेवून. ऑस्ट्रेलिया, इटली, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, नेदरलँड्स आणि न्यूझीलंड या सात देशांतल्या 28 रुग्णालयांनी मिळून 722 तान्ही बाळं घेतली आणि कुणाला काय द्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. असं का करायचं? आई-बापांनी किंवा डॉक्टरांनी निवडलं असतं, तर जास्त नाजूक बाळं एका बाजूला गेली असती आणि मग फरक भुलीचा की नाजूकपणाचा ते कळलं नसतं. पूर्ण भूल साधारण 54 मिनिटं चालली. मुलं दोन वर्षांची झाल्यावर तपासली, पाच वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. 2019 मध्ये आलेल्या निकालात मणक्यातल्या इंजेक्शनवाल्या गटाचा सरासरी बुद्ध्यांक 99.08 होता आणि पूर्ण भुलीवाल्यांचा 98.97. या फरकाला फरक म्हणत नाहीत.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला, भावंडांचा. एकाला तीन वर्षांच्या आत हर्नियासाठी भूल मिळालेली, दुसऱ्याला मिळालेली नाही. घर तेच, आई-बाप तेच. अशा 105 जोड्या तपासल्या. 2016 चा निकाल सांगतो की दोन्हींचा सरासरी बुद्ध्यांक 111 होता.

अनेकदा भूल मिळालेल्या मुलांचं चित्र मात्र इतकं स्वच्छ नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं आपल्या भागातल्या पाच हजारांवर मुलांच्या जुन्या नोंदी तपासून 2009 मध्ये सांगितलं, की चार वर्षांच्या आत एकदाच भूल मिळालेल्यांत काही वेगळं दिसत नाही, पण दोन किंवा जास्त वेळा मिळालेल्यांत वाचन-लेखन-गणित शिकायच्या अडचणी जास्त आढळतात. तिथल्याच 2018 च्या नव्या अभ्यासात 997 मुलांना समोर बसवून चाचण्या घेतल्या. अनेकदा भूल मिळालेल्यांच्या बुद्ध्यांकात फरक नव्हता. पण कामाचा वेग आणि बोटांची बारीक कामं यांत ती थोडी मागे होती.

याचं कारण भूलच, असं म्हणता येतं का? ज्या मुलाला तीनदा ऑपरेशन लागतं ते मुळातच आजारी असतं. रुग्णालयात जास्त राहतं, शाळा बुडवतं, वेदना सोसतं. यातलं कुणी काय केलं, ते चिठ्ठ्या टाकून ठरवता येत नाही, कारण कुठल्याही मुलाला गरज नसताना तीनदा भूल देता येणार नाही. प्राणी इथे पुन्हा उपयोगी येतात ते यासाठीच. निरोगी माकडाला ऑपरेशन न करता नुसती भूल देता येते आणि मग दोष कशाचा ते वेगळं काढता येतं.

अमेरिकेच्या एफडीएनं 14 डिसेंबर 2016 रोजी सूचना काढली ती या सगळ्याची गोळाबेरीज करून. तीन वर्षांखालच्या मुलांना किंवा गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांतल्या बाईला तीन तासांहून जास्त किंवा पुन्हा पुन्हा भूल दिली, तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. अकरा औषधांच्या माहितीपत्रकात हा इशारा घालायला लावला. एकदाच, थोडा वेळ दिलेल्या भुलीनं परिणाम होण्याची शक्यता कमी, हेही त्याच सूचनेत होतं. आणि गरजेचं ऑपरेशन लांबवू नका, हे एफडीएनं 2017 मध्ये स्पष्ट सांगितलं. काकांच्या मजकुरात ही दोन वाक्यं गाळलेली होती.

जाता जाता, सिझरच्या भीतीनं फोन करणाऱ्या भाच्यांसाठी. सिझर बहुतेक वेळा मणक्यात इंजेक्शन देऊन करतात. बधिर करणारी ती औषधं या अकरांत नाहीत.

"तरी कशाला? वर्षभर थांबूया"

हा पोराच्या बापाचा मुद्दा होता, आणि तो मूर्खपणाचा नव्हता. ओठ-टाळूच्या व्यंगासारख्या गोष्टींत कधी करायचं याचा विचार डॉक्टर खरंच करतात. पण हर्निया थांबवून ठेवायची गोष्ट नाही. तान्ह्या बाळाच्या जांघेतल्या त्या फटीत आतडं अडकायचा धोका मोठ्या मुलांपेक्षा जास्त असतो. अडकलं की रक्तपुरवठा तुटतो, आणि मग रात्री अकराला रुग्णवाहिकेतून तोच फोंडा घाट, आजारी बाळ, घाईची आणि लांबलेली भूल. वेळ ठरवून पाऊण तासात उरकणं बाळाच्या मेंदूलाही सोयीचं.

"मग भूल कमी द्या, थोडं रडलं तर रडू दे," असंही कुणीतरी म्हणालं. हे करून झालेलं आहे. नवजात बाळांना वेदना फारशा कळत नाहीत अशा समजुतीनं 1980 च्या दशकापर्यंत कित्येक ठिकाणी हालचाल थांबवणारं औषध आणि नाममात्र भूल देऊन त्यांच्यावर मोठी ऑपरेशनं होत. भारतीय वंशाचे डॉ. के. जे. एस. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सफर्डमध्ये 1987 साली दाखवलं, की वेदनाशामक फेंटानिल दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांची तब्येत ऑपरेशनच्या ताणातून कमी बिघडते. वेदना अंगावर काढणं मेंदूच्या सोयीचं असतं, असं मानायला काही आधार नाही.

भूलतज्ज्ञांना काय विचारावं

आपल्याकडे सर्जनला दहा प्रश्न विचारतात आणि भूल कोण देणार हे ऑपरेशनच्या सकाळी कळतं. आधी भेट मागा. तान्ह्या बाळांना भूल देण्याचा रोजचा सराव असलेले डॉक्टर आहेत का, विचारा. कोकणात ते सहज मिळत नाहीत, म्हणून तर कोल्हापूर, गोव्यातलं बांबोळी किंवा मुंबई गाठावी लागते. किती वेळ लागेल, मणक्यातून किंवा कमरेतून बधिर करून भागेल का, किंवा त्यामुळे वायू कमी लागेल का, हे विचारा. मुलाला दोन-तीन गोष्टी करायच्या असतील, समजा हर्निया आणि खाली न उतरलेली अंडगोळी, तर एकाच भुलीत होतील का, हेही. डेक्समेडेटोमिडीन नावाचं गुंगीचं औषध प्राण्यांत कमी त्रासदायक दिसलंय आणि ते जोडीला वापरून वायू कमी करता येतो. पण अमुकच वापरा म्हणून हट्ट धरू नका. दूध कधी बंद करायचं ते मात्र घड्याळ लावून पाळा. अंगावरचं दूध सहसा चार तास आधी थांबवतात. आजी मंडळी 'भुकेलाय पोर' म्हणून गुपचूप पाजतात आणि मग ते भुलीत उलटून फुप्फुसात जाण्याचा जो धोका आहे, तो उंदरांवरून नव्हे, थेट माणसांवरून ठाऊक आहे.

हे म्हणताना मी आजीकडे पाहायचं टाळलं.

ज्या मुलांना आधीच दोनदा-तीनदा भूल मिळाली आहे त्यांच्या आई-बापांसाठी उंदरांकडून एक बरी बातमी आहे. सेव्होफ्लुरेन मिळालेल्या उंदरांपैकी काहींना 2012 च्या एका प्रयोगात नंतर खेळणी, चढायला-लपायला जागा आणि सोबती असलेल्या पिंजऱ्यात ठेवलं. त्यांची स्मरणशक्ती भूल न मिळालेल्यांच्या बरोबरीला आली. मूल म्हणजे उंदीर नव्हे, हे इथेही लागू. पण अंगणात खेळायला कुठल्या भूलतज्ज्ञाची परवानगी लागत नाही.

पोराचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात झालं, मणक्यात इंजेक्शन देऊन. चाळीस मिनिटं लागली, तिसऱ्या दिवशी सगळे परत. मी बघायला गेलो तेव्हा ते पडवीत उताणं पडून कलमाकडे बघत पाय झाडत होतं. आजी पेज घेऊन आली आणि बसता बसता म्हणाली, "मास्तरानू, त्या उंदरांच्या पिल्लांचा मगे काय केलानी?"

मी सांगितलं. काही मोठी करून हौदात पोहवली. बाकीची त्याच दिवशी मारली, कारण पेशी मोजायला मेंदू बाहेर काढून त्याचे काप करावे लागतात. पोहवलेलीही शेवटी मारलीच. आपल्याकडे असे प्रयोग करायचे तर समितीची परवानगी लागते, प्राणी किती लागतील ते आधी लिहून द्यावं लागतं, जिथे मासा किंवा कृमी चालतो तिथे सस्तन प्राणी वापरायचा नसतो, हेही सांगितलं.

"पंधरा दिसांचीय नाय," ती म्हणाली.

"सात," मी म्हणालो.

तिनं पोराचे झाडणारे पाय धरले, लंगोट नीट केला आणि पेजेचं ताट माझ्याकडे सरकवलं.